‘सर्वात लहान लेखिका’ पुरे झालं, आता तिचं पुस्तक वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून एक बातमी येते, नाव दर वेळी वेगळं असतं पण बातमी तीच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने कादंबरी लिहिली, थाटात प्रकाशन झालं, पुस्तक हातात धरलेला फोटो, शेजारी आईबाबा, हेडिंगमध्ये वय, आणि खाली पाहुण्यांचं कौतुकाचं एक वाक्य. बातमी शेवटपर्यंत वाचली तरी पुस्तक कशाबद्दल आहे ते कळत नाही. गोष्ट कुणाची आहे, कशी सांगितलीय, कुठे जमलीय, कुठे फसलीय, काही म्हणजे काही नाही. मी पुस्तकांच्या संस्करणाचं, म्हणजे संपादनाचं, काम करते, किशोरवयीन मुलामुलींची हस्तलिखितं माझ्याकडे येत असतात, आणि या बातम्यांमुळे ह्याच मुलींचं नुकसान होतंय असं मला अगदी मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

हे आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला कारण एक कादंबरी आहे. स्कॉट वेस्टरफेल्ड यांची ‘आफ्टरवर्ल्ड्स’, 2014 साली आलेली, यंग अडल्ट, म्हणजे किशोर-तरुण वाचकांसाठीच्या, प्रकारातली. डार्सी पटेल नावाची अठरा वर्षांची मुलगी, अमेरिकेत वाढलेली, गुजराती घरातली. शाळेत असताना एका महिन्यात कादंबरीचा खर्डा लिहिते, तो विकला जातो, दोन पुस्तकांचा करार होतो आणि ती कॉलेज पुढे ढकलून न्यूयॉर्कला राहायला जाते. पुस्तकाची रचना अशी की एक प्रकरण डार्सीच्या आयुष्यातलं आणि पुढचं तिच्या कादंबरीतलं, असं शेवटपर्यंत. तिच्या कादंबरीतली लिझी विमानतळावरच्या हल्ल्यात मेल्याचं सोंग घेऊन वाचते आणि त्या सोंगातूनच खरोखर मृतांच्या जगात पोचते, तिथे तिला यमराज भेटतो, तोही देखणा तरुण! आपल्याला वाचताना जरा दचकायला होतं, पण डार्सीलाही हाच प्रश्न पडतो की ज्याला लोक देव मानतात त्याला आपण प्रेमकथेचा हिरो करतोय ते बरोबर आहे का. अठराव्या वर्षी असा प्रश्न पडणं आणि उत्तर न सापडताही लिहीत राहणं, हे मला त्या पुस्तकात फार खरं वाटलं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. ह्या कादंबरीत पुस्तक लिहून होतं ते सुरुवातीलाच, आणि पुढची जाडजूड कादंबरी ते पुस्तक दुरुस्त करण्यात जाते! संपादिकेच्या सूचना, पुन्हा लिहिणं, शेवट कसा असावा यावरून होणारी ओढाताण, मुद्रितं म्हणजे प्रूफं तपासणं, दुसऱ्या पुस्तकाची डेडलाइन आणि त्याला अजून नावसुद्धा नाही ही धास्ती. लिझीची जी प्रकरणं आपण वाचतो ती ह्या सगळ्यातून गेल्यानंतरची. पहिला खर्डा आपल्याला कधी दाखवलाच जात नाही, डार्सीच्या प्रकरणांवरून अंदाज बांधायचा की इथे आधी काहीतरी वेगळं होतं. पैशांच्या बाबतीत ही कादंबरी स्वप्नरंजन आहे हे मान्य, पहिल्याच पुस्तकाला तिच्यासारखी मोठी ॲडव्हान्स, म्हणजे प्रकाशकाने विक्रीच्या आधीच दिलेली रक्कम, फारच थोड्यांना मिळते. पण कामाच्या बाबतीत ती खरी आहे. लिहून झाल्यापासून छापून येईपर्यंतचा जो काळ असतो ना, पुस्तक तिथे होतं. आपल्या बातम्यांमधून नेमका तोच काळ गायब असतो.

आता तुम्ही म्हणाल ती परदेशातली गोष्ट, तिथे लेखकांसाठी प्रकाशक शोधणारे एजंट असतात, मोठ्या प्रकाशनसंस्था असतात. असतात. करारावर सही झाल्यापासून पुस्तक दुकानात येईपर्यंत तिथे वर्ष-दीड वर्ष सहज जातं, कधी दोन. त्या काळात आधी संपादकाचं पत्र येतं, त्यात स्वल्पविराम-बिराम काही नसतात, त्यात असतं की ही मैत्रीण गोष्टीत कशाला आहे, मधला भाग रेंगाळतोय, नायिका रडते पण वाचकाला रडू येत नाही. मग लेखिका पुन्हा लिहिते. मग वाक्यावाक्याचं संस्करण, मग शुद्धलेखन आणि तपशिलांची तपासणी, मग प्रूफं. ह्यातलं कुठलंही काम करायला परदेश लागत नाही. लागतो एक चांगला, सावकाश वाचणारा माणूस, जो त्या मुलीच्या नात्यातला नाही.

नात्यातला नाही हे मी मुद्दाम म्हणतेय. तेरा ते अठरा वयाच्या मुलींची हस्तलिखितं वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. संवाद फार छान असतात, म्हणजे मोठ्या लेखकांना जमणार नाहीत इतके जिवंत, मैत्रिणींची भांडणं, कट्टी, एकमेकींना टाकून बोलणं, सगळं कानात ऐकू येतं. आणि मग गोष्टीतली आई आली की भाषा एकदम कडक इस्त्रीची होते. आई समजूतदार, बाबा मेहनती, घरात कुणी कुणावर ओरडत नाही. किंवा मग आईबाबा अपघातात गेलेले असतात, पहिल्याच पानावर. हे का होतं ते उघड आहे, पुस्तक आईबाबा वाचणार आहेत, बहुतेक वेळा तेच पहिले वाचक असतात, आणि छपाईचा खर्चही तेच करणार आहेत. ज्या माणसाला आपण दुखवू शकत नाही त्याच्यासमोर खरं लिहिता येत नाही, मोठ्यांनाही येत नाही, मग ह्या मुलींना कुठून यावं? म्हणून बाहेरचा वाचक लागतो. तो फक्त चुका काढायला लागत नाही, घरच्यांसमोर जे लिहिता येत नव्हतं ते लिहायची मोकळीक द्यायला लागतो. मी एका मुलीला एवढंच विचारलं होतं की तुझ्या नायिकेला आईचा कधी राग येत नाही का. ती बराच वेळ गप्प बसली आणि नंतर तिने जे प्रकरण लिहून पाठवलं ते सगळ्या हस्तलिखितातलं सर्वात चांगलं प्रकरण होतं. त्यातली आई वाईट नव्हती हो, उलट पहिल्यांदा माणूस वाटली.

लोकांना वाटतं की लहान वयातलं लिखाण म्हणजे उत्स्फूर्त, त्याला हात लावू नये, लावला तर निरागसपणा जातो. ह्यावर मला नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक ह्या ज्यू मुलीचं उदाहरण द्यावंसं वाटतं कारण तिची डायरी आपल्याकडे घराघरात माहीत आहे आणि तरी ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. 28 मार्च 1944 ला लंडनहून होणाऱ्या डच रेडिओ प्रसारणात एका मंत्र्याने सांगितलं की युद्धकाळातल्या डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, नंतर ती गोळा करायची आहेत. ते ऐकल्यावर ॲनने आपली डायरी पुस्तक म्हणून पुन्हा लिहायला घेतली. सुट्या कागदांवर, सुरुवातीपासून. काही नोंदी गाळल्या, काही एकत्र केल्या, काही मागाहून घातल्या, वाक्यं घट्ट केली, आणि सोबत लपलेल्या माणसांना बदललेली नावं द्यायचं ठरवलं. वय चौदा, जून महिन्यात पंधरा पूर्ण. ऑगस्टमध्ये त्यांना पकडून नेलं तेव्हा हे काम अर्धवटच होतं. 1947 मध्ये जे पुस्तक आलं ते तिच्या मूळ डायरीतून आणि तिने स्वतः पुन्हा लिहिलेल्या मजकुरातून वडिलांनी तयार केलेलं होतं. म्हणजे ज्या लिखाणाला आपण उत्स्फूर्ततेचा नमुना मानतो त्यातला मोठा भाग एका पोरीने लपून बसलेल्या जागेत, जीव मुठीत धरून, स्वतःच संपादित केलेला आहे! तिला कळत होतं की डायरी वेगळी आणि पुस्तक वेगळं. आणि नावं बदलायला हवीत हेही कळत होतं, हे तर आजच्या कित्येक पालकांना सांगावं लागतं, कारण मुलीच्या कादंबरीत तिच्या वर्गातली माणसं खऱ्या नावानिशी, खऱ्या भानगडींसकट आलेली असतात आणि ती उद्या सगळ्या शाळेत वाचली जाणार असतात.

दुसरं उदाहरण ‘एरागॉन’ ह्या कादंबरीचा अमेरिकन लेखक ख्रिस्तोफर पाओलिनीचं, मुलगा आहे पण मुद्दा तोच. ‘पंधराव्या वर्षी कादंबरी लिहिली’ म्हणून तो जगभर प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षी त्याने सुरुवात केली हे खरं, पण पहिला खर्डा झाल्यावर तो त्यालाच आवडला नाही आणि पुढचं अख्खं वर्ष त्याने पुनर्लेखनात घालवलं. मग 2002 मध्ये घरच्यांनीच पुस्तक छापलं, ते सगळे शाळाशाळांत, लायब्ररीत जाऊन ते विकायचे. आणि 2003 मध्ये मोठ्या प्रकाशकाने घेतलं तेव्हा पुन्हा एकदा संस्करण झालं. इतकी वर्षं, इतके हात, आणि लक्षात काय राहतं तर पंधरा हा आकडा.

आपल्याकडे असं काही बोललं की लगेच कुणीतरी ज्ञानेश्वरांचं नाव घेतं, त्यांनी एवढ्या लहान वयात केवढं लिहिलं. त्यांचं नाव घेतल्यावर पुढे कोण काय बोलणार, वाद तिथेच संपतो. पण एका साध्या शाळकरी मुलीवर त्यांचं ओझं टाकणं मला क्रूर वाटतं.

आता त्या पुस्तकांच्या व्यवसायाबद्दल, कारण तो भाग बातमीत कधीच येत नाही. ह्यातली बरीच पुस्तकं लेखिकेच्या घरच्यांनी पैसे भरून छापलेली असतात. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात काहीही कमीपणा नाही, पाओलिनीच्या घरच्यांनी तेच केलं होतं. प्रश्न त्या पैशात काय मिळतं हा आहे. पॅकेजमध्ये मुखपृष्ठ, आयएसबीएन, ठराविक प्रती, एक सर्टिफिकेट, प्रकाशन समारंभ असं सगळं असतं आणि संस्करण नसतं. असलं तर शुद्धलेखन तपासणे एवढाच त्याचा अर्थ. पालकांना आयएसबीएन म्हणजे काहीतरी मान्यता वाटते, तसं अजिबात नाही, तो पुस्तक ओळखण्याचा तेरा आकडी नंबर आहे, पुस्तक बरं आहे की वाईट ह्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. प्रकाशकाने लेखकाला पैसे द्यायचे, ॲडव्हान्स म्हणून आणि ती विक्रीतून फिटल्यावर रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, म्हणून, ही उलटी दिशा पालकांना माहीतच नसते. आणि करारात एखादं वाक्य असतं की पुस्तकाचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे. मुलगी अल्पवयीन म्हणून पालक सही करतात, न वाचता, कारण प्रकाशनाची तारीख ठरलेली असते आणि पाहुणे बोलावलेले असतात. खरं तर कॉपीराइट लिहिल्या क्षणी त्या मुलीचा होतो, वय कितीही असो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. भाषांतराचे, ऑडिओचे, सिनेमाचे हक्क वेगवेगळे असतात, पुस्तक छापणं बंद झालं तर हक्क परत मिळायला हवेत असं करारात लिहून घेता येतं. पंधरा वर्षांच्या मुलीने पंचविसाव्या वर्षी त्याच गोष्टीचं पुन्हा पुस्तक करावं असं मनात आणलं तर तिला ते करता आलं पाहिजे की नको?

वय हेडिंगमध्ये टाकल्याने अजून एक होतं, लोकांना संशय येतो. हे जुनंच आहे. डेझी ॲशफर्ड नावाच्या इंग्लिश मुलीने नऊ वर्षांची असताना एक छोटी कादंबरी लिहिली होती, ती 1919 मध्ये, ती मोठी झाल्यावर, तिच्या स्पेलिंगच्या चुकांसकट छापली गेली. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखकानेच ती लिहिली असणार असं लोक म्हणायला लागले. फ्रान्समध्ये 1955 च्या सुमाराला मिनू द्रुए ह्या आठ वर्षांच्या मुलीच्या कविता आल्या तेव्हा आईनेच लिहिल्या म्हणून एवढा गदारोळ झाला की तिला एकटीला बसवून, समोर लिहायला लावून परीक्षा घेतली गेली. आठ वर्षांची पोर हो! आज तर एआय आल्यापासून कुठलीही मुलगी बरं वाक्य लिहिते तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो. अशा वेळी ती मुलगी स्वतःच्या बाजूने काय दाखवू शकते? तिचे खर्डे. खोडलेली पानं, समासात संपादकाने विचारलेले प्रश्न, तिने दिलेली उत्तरं, बदललेला शेवट. ज्या मुलीला पुन्हा लिहायला कुणी लावलंच नाही तिच्याकडे हेही नसतं.

आणि दुसऱ्या पुस्तकाचं काय? अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन ह्यांनी ‘द आउटसायडर्स’ पंधरा-सोळाव्या वर्षी लिहिलं, 1967 मध्ये ते आलं तेव्हा त्या अठराच्या होत्या. सध्याच्या यंग अडल्ट साहित्याची सुरुवात बरेच जण तिथून मानतात. त्यानंतर त्यांचं लिहिणंच थांबलं. इतकं कौतुक, इतकी प्रसिद्धी, की पुढचं वाक्य सुचेना. मग मित्राने, ज्याच्याशी नंतर त्यांनी लग्न केलं, रोज दोन पानं लिहायचीच असा आग्रह धरला तेव्हा कुठे 1971 मध्ये दुसरं पुस्तक आलं. आता हे ज्या मुलीचं पुस्तक चांगलं होतं, नीट संपादित होतं, वाचकांनी डोक्यावर घेतलं होतं तिच्या बाबतीत झालं. मग जिचं फक्त वय गाजलं तिचं सोळा संपल्यावर काय होत असेल? वय तर वाढतच जाणार. सतराव्या वर्षी तिला वाटायला लागतं की आपली बातमी होऊन गेली, आता आपल्यात विशेष काही उरलं नाही, कारण आपल्यात विशेष काय होतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. चांगल्या लिहिणाऱ्या मुली अशा गप्प होताना मी पाहिल्यात आणि दर वेळी वाईट वाटतं.

म्हणून ‘आफ्टरवर्ल्ड्स’सारखी पुस्तकं ह्या मुलींच्या हातात पडावीत असं मला वाटतं. मराठीत ह्याच विषयावर कुणी किशोर कादंबरी लिहिली तर फारच उत्तम, लिहिणाऱ्या मुलीची गोष्ट, जिच्यात समारंभ एका परिच्छेदात उरकलाय आणि तिसरा खर्डा प्रकरणंच्या प्रकरणं चाललाय. एका महिन्यात कादंबरी लिहायचा ‘नॅनोरायमो’ नावाचा नोव्हेंबरचा उपक्रम अमेरिकेत 1999 ला सुरू झाला, पन्नास हजार शब्दांचं लक्ष्य असायचं, तो चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद पडली पण मुलं अजून आपापलं लिहितायत आणि लिहू दे, भराभर लिहिण्यात मजा असते, त्या वयात तेवढी ताकदही असते. फक्त 30 नोव्हेंबरला हातात असतो तो खर्डा, 1 डिसेंबरला तो प्रेसमध्ये पाठवायचा नसतो हे त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

आता तुम्हाला विनंती. बातम्या बंद करा असं माझं म्हणणं नाही, पंधराव्या वर्षी दोनशे पानं लिहिणं ही खरंच मोठी गोष्ट आहे आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण पुस्तक तुमच्याकडे आलं की ते कुणालातरी वाचायला द्या. फोटोच्या जागेत चारशे शब्दांचं परीक्षण छापा, मोठ्यांच्या पुस्तकाचं छापता तसंच, जे आवडलं ते का आवडलं आणि जे जमलं नाही ते का जमलं नाही. फक्त ते वय सांभाळून घेणारं, पाठीवर थाप मारणारं नको, मुलींना ती थाप लगेच ओळखू येते. आणि दोष दाखवायचे ते तिच्या पुस्तकाचे दाखवा, तिचे नाहीत. मुलाखत घ्यायची तर ‘प्रेरणा कुठून मिळाली’ ऐवजी विचारा की पहिल्या खर्ड्यात होतं आणि आता नाही असं काय आहे, कुठलं प्रकरण सर्वात जास्त वेळा लिहिलंस, शेवट आधी काय होता. ह्या प्रश्नांना जिच्याकडे उत्तरं असतील तिची मुलाखत वाचायला मजा येईल, आणि जिच्याकडे नसतील ती, आणि तिचे आईबाबा, पुढच्या वेळी प्रेसमध्ये जायच्या आधी थांबतील. पालकांसाठी करारावर एक लेखही जरूर छापा, एखाद्या वकिलाकडून लिहून घ्या, हक्क म्हणजे काय, सही करण्याआधी काय वाचायचं.

मागच्याच आठवड्यात तुम्ही जिचा फोटो छापला होतात तिचं पुस्तक मी मागवून वाचलं. तिचं नाव इथे लिहीत नाही. मधली तीन प्रकरणं गाळली तर चालतील अशी आहेत, शेवट घाईत उरकलाय, पण त्यातली आजी आणि नात बसची वाट बघत भांडतात तो प्रसंग मी दोनदा वाचला, इतका सुरेख आहे. तुमच्या बातमीत तिचं वय होतं, उंची सोडून बाकी सगळं होतं, पण हा प्रसंग नव्हता. परीक्षणाची सुरुवात त्याच पुस्तकापासून करा. लिहायला माणूस मिळत नसेल तर मी लिहून पाठवते.

आपली,
किशोर पुस्तकांचं संस्करण करणारी एक वाचक